झटपट चढणारा रोबो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोबो स्पर्धांत दांडीवर, दोरावर किंवा खांबावर लवकर चढणारा रोबो कसा बांधायचा, याबद्दल संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणीकडच्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या मुलांकडून दर हंगामात येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आता शाळांचे संघही विचारू लागलेत, त्यांचेही प्रश्न यात आहेत. काही प्रश्न ज्याने विचारले त्याच्याच भाषेत ठेवलेत. उत्तरांतले आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या स्पर्धेची त्या वर्षीची नियमपुस्तिका वेगळं काही सांगत असेल, तर तिचंच ऐकायचं.

चढण्याला स्पर्धेत एवढं वजन का?

शेवटच्या अर्ध्या मिनिटात तिथे गुणांची रास असते म्हणून. ‘फर्स्ट’ या अमेरिकी संस्थेच्या एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) स्पर्धेत २०२५पर्यंत सामना अडीच मिनिटांचा होता. २०१७ साली दोरावर चढून वरची तबकडी दाबणाऱ्या प्रत्येक रोबोला ५० गुण मिळत. २०२२ साली एकीपेक्षा एक उंच अशा चार दांड्या होत्या आणि गुण ४, ६, १० आणि १५. २०२४ला दांडीच्या जागी साखळी आली, २०२५ला लटकते पिंजरे. त्याच संस्थेच्या, शाळांसाठीच्या एफटीसीत (फर्स्ट टेक चॅलेंज) २०२४-२५च्या हंगामात दुसऱ्या पातळीच्या चढाईला १५ आणि तिसऱ्या पातळीला ३० गुण होते.

आपल्या कॉलेजांना जास्त जवळची ती रोबोकॉन, आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची रोबो स्पर्धा. २००८ साली आशियाई फेरी पुण्यात झाली तेव्हा विषयच ‘गोविंदा’ होता, दहीहंडीवर बेतलेला. २०१४ला ती पुन्हा पुण्यात आली; तेव्हा पालक आणि बाल अशा दोन रोबोंपैकी बाल रोबोला जंगल जिमवर (बागेतल्या दांड्यांच्या चौकटीवर) चढायचं होतं. पण वेगाचा खरा कस लागला २०१६च्या बँकॉकच्या खेळात. पवनचक्कीच्या खांबावर चढून पातं वर बसवलं की ‘चाय-यो’, सामना तिथेच संपला. समोरच्या संघाचे गुण कितीही असोत. अशा खेळात दोन सेकंद आधी चढणारा रोबो थेट जिंकतो.

“सर, आमचा रोबो चढतो, पण लै वेळ लागायलाय. मोठी मोटार टाकू का?”

आधी मोबाइलवर शूटिंग करा. पूर्ण चढाईचं, बाजूने, ड्रायव्हरला न सांगता. मग व्हिडिओ थांबवत थांबवत वेळ लिहून काढा: दांडीपर्यंत पोचायला किती, समोर सरळ उभं राहायला किती, रोबोचा हात वर जायला किती, आकडा (हाताच्या टोकाचा हूक) दांडीत अडकायला किती, प्रत्यक्ष उचलायला किती, आणि झोके थांबायला किती.

बहुतेक संघांच्या कागदावर उचलण्याचा वेळ सगळ्यात कमी निघतो. वेळ जातो तो रोबो सरळ करण्यात आणि आकडा हुकला म्हणून मागे येऊन पुन्हा लावण्यात. मोटार दुप्पट केलीत तर तीन सेकंदांची उचल दीड सेकंदावर येईल. आकडा एकदा हुकला की तेवढा वेळ एका झटक्यात गेला. म्हणून या पानावर मोटारीपेक्षा आकड्याबद्दल जास्त लिहिलेलं दिसेल. मोटारीचं काम पाच मिनिटांच्या गणिताचं आहे. आकड्याला आठवडे द्यावे लागतात.

वाचलेल्या वेळाचा हिशोबही मांडून ठेवा. चढाई सहा-सात सेकंदांत खात्रीने होत असेल, तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात आणखी एखादी फेरी मारून गुण आणता येतात. ‘खात्रीने’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. दहापैकी सहा वेळा चार सेकंदांत चढणाऱ्या रोबोपेक्षा दहापैकी दहा वेळा सात सेकंदांत चढणारा रोबो मी कधीही घेईन.

मग मोटार किती वॅटची लागते?

वजन, उंची, वेळ एवढंच हवं. रोबो २५ किलोचा आहे, ६० सेंटिमीटर उचलायचा आहे, दोन सेकंदांत. लागणारी ऊर्जा २५ × ९.८१ × ०.६ म्हणजे सुमारे १४७ ज्यूल. दोन सेकंदांनी भागलं की ७४ वॅट. गियरबॉक्स, बेअरिंग, घासणारे पाइप हे सगळे आपापला वाटा खातात, तेव्हा ६५ टक्केच हाती येतात असं धरा: मोटारीने ११३ वॅट द्यायला हवेत.

तोच रोबो एका सेकंदात हवा असेल तर २२६ वॅट. वेळ अर्धा केला की शक्ती दुप्पट लागते, त्यातून सुटका नाही. एफआरसीचा रोबो बॅटरी-बंपर धरून साठ किलोच्या घरात जातो. तिथे हेच ६० सेंटिमीटर एका सेकंदात करायचे तर निव्वळ ३५३ वॅट होतात. त्या स्पर्धेत वर्षानुवर्षं चाललेली सिम मोटार जास्तीत जास्त ३३७ वॅट देते, म्हणजे एकटीला जमणारं ते काम नाही.

“३०० आरपीएमची गियर मोटार लावली, टॉर्क पण बरा लिहिलाय, तरी रोबो हालंना.”

पाटीवरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि पाटीवरचा वेग एकाच वेळी मिळत नाहीत. ३०० आरपीएम (मिनिटाला ३०० फेरे) हा रिकाम्या शाफ्टचा, म्हणजे भार नसतानाचा, वेग आहे आणि लिहिलेला टॉर्क बहुतेकदा मोटार अडून थांबली असतानाचा. साध्या डीसी मोटारीची सर्वाधिक शक्ती मिळते ती अर्ध्या वेगाला, आणि तेव्हा टॉर्कही अर्धाच असतो. म्हणजे रिकामा वेग गुणिले थांबलेला टॉर्क, भागिले चार.

समजा मोटार ३०० आरपीएमची आहे आणि थांबलेला टॉर्क २५ किलो-सेंटिमीटर लिहिलाय. वेग ३१.४ रेडियन प्रतिसेकंद, टॉर्क २.४५ न्यूटन-मीटर. गुणाकार करून चारने भागलं की १९ वॅट येतात. वरच्या उदाहरणात ११३ हवे होते. अशा सहा मोटारी लावल्या तरच भागेल, आणि त्याही सतत अर्ध्या वेगावर कण्हत चालणार. तिथे निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत जाते, म्हणून दोन-तीन चढाया झाल्या की मोटारीला हात लावता येत नाही. भार थांबलेल्या टॉर्कच्या पाव ते एक-तृतीयांश राहील अशी मोटार निवडली तर ती थंडही राहते आणि बॅटरी उतरली तरी निभावून नेते.

गाडीच्या वायपरची मोटार बरेच जण भंगारबाजारातून आणतात. ताकद असते, थांबली की जागेवर अडकूनही राहते, पण ती संथ आहे. वेगाच्या कामाला ती घेऊ नका. इलेक्ट्रिक सायकलची २४ व्होल्ट, २५० वॅटची मोटार मिळत असेल तर वरच्या उदाहरणासाठी ती भरपूर होते; तिचं वजन मात्र आधी काट्यावर बघा.

गियर आणि ड्रम कसा ठरवायचा?

ड्रम म्हणजे रोबो वर ओढणारी दोरी जिच्यावर गुंडाळते ती रीळ. तेच उदाहरण पुढे नेऊ. ड्रमचा व्यास २५ मिलिमीटर घेतला तर परीघ ७८.५ मिलिमीटर. ६०० मिलिमीटर दोरी गुंडाळायला साडेसात वेढ्यांच्या वर लागतात, दोन सेकंदांत, म्हणजे साधारण २३० आरपीएम. रोबोचं वजन २४५ न्यूटन, त्रिज्या साडेबारा मिलिमीटर, टॉर्क ३.१ न्यूटन-मीटर आणि घर्षण धरून ४.७. भाराखाली मोटार २६५० आरपीएमने फिरत असेल तर साडेअकरास एक असा गियर लागतो. एका टप्प्यात तो बसवायला चक्र फार मोठं होतं. दोन टप्पे करा.

ड्रम लहान केला की गियर कमी लागतो, मग मुलं शाफ्टवरच दोरी गुंडाळू लागतात. आठ मिलिमीटरच्या शाफ्टवर दोरीला फार कडक वळण पडतं, ती तिथेच झिजते, आणि शाफ्ट वाकतो ते वेगळंच. वीस-पंचवीसच्या खाली जाऊ नये हे माझं मत. आणि ड्रमला शाफ्टवर ग्रब स्क्रूच्या (नुसत्या टोकाने दाबून धरणाऱ्या छोट्या स्क्रूच्या) भरवशावर सोडू नका. चावी (शाफ्ट आणि ड्रमच्या खाचेत बसणारी पट्टी) कापून घ्या किंवा हेक्स, म्हणजे षटकोनी, शाफ्ट वापरा. पूर्ण रोबोचं वजन त्या एका जोडावर आहे.

“दोरी सारखी ड्रमवरून उतरायलीय.”

दोरी सैल पडते म्हणून. हात वर पाठवताना मोटार दोरी सोडते, हात मात्र घासून थोडा मागे राहतो, मधली ढिली दोरी ड्रमच्या कडेवरून शाफ्टवर जाते आणि गुरफटते. हात वर ढकलणारी स्प्रिंग एवढी जोरदार हवी की दोरी कायम ताणलेली राहील. ड्रमच्या दोन्ही बाजूंना दोरीच्या जाडीच्या चार-पाच पट उंच चकत्या लावा. तीन मिलिमीटर दोरीच्या आठ वेढ्यांना २४ मिलिमीटर रुंदी लागते. तेवढी दिली तर दोरी एकाच थरात बसते आणि वेगही शेवटपर्यंत सारखा राहतो.

दोरी डायनिमाची (एका मजबूत कृत्रिम धाग्याची) घ्या. ताण आल्यावर ती फारशी लांबत नाही. साधी नायलॉन लांबते आणि रोबो रबरासारखा खालीवर होत राहतो. डायनिमाची दोन दुखणी आहेत. ती गुळगुळीत असल्याने साधी गाठ सरकते. आणि ती दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते, त्यामुळे धातूच्या स्थिर कडेवर घासत ठेवायची नाही, वळण आलं की तिथे फिरती पुली हवी. कुठल्याही दोरीची ताकद गाठीपाशी बरीच घटते, निम्म्यापर्यंतही. म्हणून दोरी तुटण्याचा भार रोबोच्या वजनाच्या निदान पाचपट असलेली घेतो आम्ही.

कोणती यंत्रणा घ्यावी?

दांडीला लटकायचं असेल तर आमच्याकडे बहुतेकांचं उत्तर एकच असतं, आणि ते बरोबर आहे: एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक हात, वर जायला स्प्रिंग, खाली ओढायला दोरी आणि विंच (मोटारीने फिरणारा ड्रम). वर जाताना हाताला फक्त स्वतःचं वजन उचलायचं असतं, ते काम स्प्रिंग क्षणात करते. मोटारीची सगळी ताकद खाली ओढण्याला, म्हणजे रोबो वर नेण्याला मिळते.

सरकण्यासाठी कपाटाच्या ड्रॉवरचं बॉल-बेअरिंग चॅनेल लावण्याचा मोह होतो. हार्डवेअरच्या दुकानात ते लगेच मिळतं, पाटीवर ४५ किलो लिहिलेलं असतं. तो भार जोडी आडवी बसवून ड्रॉवर ठेवला तरचा आहे. उभ्या हातात, झोका खाणाऱ्या रोबोचा पिळ त्यावर आला की गोळ्या बाहेर येतात. चौकोनी पाइपात पाइप आणि मध्ये नायलॉनच्या पट्ट्या, हे दिसायला गावठी आहे पण टिकतं. दोन पाइपांमधली फट आणि आत उरलेली लांबी दोन्ही बघा: हात पूर्ण बाहेर आल्यावरही पाइपाचा निदान पाव भाग आत राहिला पाहिजे, नाहीतर तो अडकतो.

लीड स्क्रू? आठ मिलिमीटर लीडचा, म्हणजे एका फेऱ्याला नट आठ मिलिमीटर सरकवणारा, स्क्रू ३०० आरपीएमने फिरवला तर सेकंदाला चार सेंटिमीटर. साठ सेंटिमीटरला पंधरा सेकंद. पुढचा प्रश्न.

कप्पी लावून वेग वाढतो का?

नाही. बल अर्धं केलं की दोरी दुप्पट ओढावी लागते. मोटार तीच असेल तर शक्ती तीच राहते; कप्पी म्हणजे दोरीचा गियर. गियरबॉक्स बदलणं शक्य नसेल तेव्हा तिचा उपयोग आहे.

खांबावर चढायचं असेल तर?

तिथे आकडा नाही, घर्षण आहे. खांब दोन बाजूंनी रबरी चाकांमध्ये धरायचा. दोन्ही चाकं फिरवत असाल तर प्रत्येक चाकाचा दाब गुणिले घर्षणांक, त्याची दुप्पट, ही रोबोच्या वजनापेक्षा जास्त हवी. दहा किलोचा रोबो म्हणजे ९८ न्यूटन. रबराचा घर्षणांक ०.६ धरला तर प्रत्येक चाकावर ८२ न्यूटन दाब हा काठावरचा हिशोब झाला. धूळ, घाम, रंगाचा गुळगुळीतपणा धरून दीडशेच्या पुढे ठेवा. एकच चाक फिरवत असाल आणि दुसरं नुसतं टेकलेलं असेल, तर दुप्पट दाब लागतो. इथे बरेच संघ फसतात.

दाब स्प्रिंगने द्यायचा तर पकडायला वेळ लागतो. दुसरी युक्ती जुनी आहे. देगलूर-बिलोली पट्ट्यात शिंदीच्या झाडावर चढणारा माणूस कमरेमागून दोराचा फास घेऊन मागे रेलतो. तो जितका मागे रेलेल तितके पाय झाडावर घट्ट दाबले जातात. रोबोतही तेच करता येतं. एक चाक वर, खांबाच्या पलीकडच्या बाजूला. दुसरं खाली, अलीकडच्या बाजूला. आणि रोबोचं वजन खांबापासून दूर. वजनच दोन्ही चाकं दाबून धरतं. खांबापासून गुरुत्वमध्याचं अंतर हे चाकांमधल्या उभ्या अंतराला घर्षणांकाच्या दुपटीने भागून येतं. चाकांमध्ये २० सेंटिमीटर आणि घर्षणांक ०.६ असेल तर किमान १७ सेंटिमीटर. बॅटरी बाहेरच्या टोकाला नेली की हे अंतर आपोआप मिळतं, आणि खांब पकडायला वेगळी मोटार लागत नाही. रोबो खांबाला भिडला की लगेच निघाला.

आकडा कसा असावा?

इथे वेळ काढा.

पहिलं, तोंड किती रुंद. दांडीच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट. घट्ट तोंडाचा आकडा टेबलावर छान दिसतो आणि मैदानात दांडीच्या वर टक्कर मारत राहतो. तोंडाच्या आधी उतरती कड द्या, म्हणजे रोबो चार-पाच सेंटिमीटर पुढे-मागे असला तरी दांडी घसरत आत येईल. ड्रायव्हरला जेवढी चूक करायची मुभा, तेवढा चढाईचा वेळ कमी. मुलांना मी हेच विचारतो: तुमचा रोबो किती सेंटिमीटर चुकीचा उभा राहिला तरी आकडा लागतो? बहुतेकांनी ते कधी मोजलेलंच नसतं. खडूने जमिनीवर एक-एक सेंटिमीटरच्या रेघा मारा, रोबो मुद्दाम तिरका लावा, पाच अंश, दहा अंश, आणि कुठे हुकतो ते बघा. त्या नकाशावरून आकड्याचा आकार बदला.

दुसरं, अडकल्यावर सुटू नये. झोका आला की रोबो किंचित वर उडतो आणि उघडा आकडा दांडीवरून निसटतो. तोंडाला स्प्रिंगची छोटी झडप लावली की दांडी आत येते, बाहेर जात नाही. जिथे एका दांडीवरून दुसरीवर जायचं असतं तिथे हीच झडप अडचण होते, कारण सोडायचंही असतं. मग आकड्याच्या तळाला खोलगट बैठक द्या. वजन असेपर्यंत दांडी तिथेच बसते, वजन निघालं की सुटते.

तिसरं, दोन आकडे असतील तर दोन्ही एकाच वेळी लागतील यावर विसंबू नका. रोबो थोडा तिरका असला की एक आधी लागतो. दोन्ही हात एकाच शाफ्टवर असतील तर दुसरा रिकामाच ओढला जातो. दोन्हींच्या मोटारी वेगळ्या ठेवल्या, तर प्रत्येक बाजूला करंट वाढला की आकडा लागला असं प्रोग्रामला कळतं आणि तो दुसऱ्या बाजूची वाट बघू शकतो.

सरावासाठी दांडी आणायला दुकानात जाल तेव्हा एक गोष्ट: ‘सव्वा इंची’ जीआय पाइपाचा बाहेरचा व्यास सव्वा इंच नसतो, ४२ मिलिमीटर असतो. नियमपुस्तिकेत बाहेरचा व्यास दिलाय की पाइपाचं नाव दिलंय ते आधी वाचा, मग आकडा कापायला द्या.

“उचलल्यावर रोबो एका अंगाला झुकायलाय.”

आकडा गुरुत्वमध्याच्या बरोबर वर नाही. लटकलेली वस्तू गुरुत्वमध्य आधाराच्या खाली येईपर्यंत फिरते. आकडा गुरुत्वमध्याच्या ५० सेंटिमीटर वर आणि ८ सेंटिमीटर बाजूला असेल तर रोबो ९ अंश झुकतो. ७० सेंटिमीटर लांबीच्या चौकटीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा ११ सेंटिमीटर खाली येतं, म्हणजे जमिनीपासून तेवढंच अंतर मिळवायला पाच-सहा सेंटिमीटर जास्त उचलावं लागतं. तो वेळ फुकट गेला. बॅटरी सरकवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. ती जागा चौकट वेल्ड करण्याआधी ठरवा.

सामना संपल्यावर वीज बंद होते. रोबो वर कसा राहणार?

मोटार कंट्रोलरचा ब्रेक मोड म्हणजे मोटारीच्या तारा आपसात जोडणं. त्याने रोबो हळू उतरतो, थांबत नाही. पंच बघेपर्यंत तो टेकला तर सगळं पाण्यात.

वर्म गियर उलटा फिरत नाही, पण तोच गियर बरीच शक्ती घर्षणात खातो. वेग हवा असेल तर तो परवडत नाही. आमची पसंती एकाच दिशेने फिरू देणाऱ्या रॅचेटला. ड्रमच्याच शाफ्टवर दात्यांचं चक्र आणि स्प्रिंगने दाबलेला खटका. मोटारीच्या बाजूला लावलं तर चक्र लहान चालतं, पण मधली चेन तुटली की रोबो खाली. स्वतः चक्र कापायचं नसेल तर १७ मिलिमीटर हेक्स बारचा शाफ्ट घ्या आणि त्यावर १७ नंबरचा रॅचेट पाना बसवून पान्याची दांडी चौकटीला बोल्ट करा. बाजारातला पाना मोठा टॉर्क सहज सोसतो. हात वर पाठवताना शाफ्ट उलटा फिरवावाच लागतो, त्यासाठी खटका उचलायला छोटा सर्व्हो (हव्या त्या कोनात फिरणारी मोटार) किंवा पान्याचं बटण फिरवायची सोय हवी. सराव संपल्यावर रोबो खाली कसा घेणार हेही तेव्हाच ठरवा. लटकलेला रोबो चौघांनी मिळून उचलून खटका सोडवताना बोटं चिरडतात.

स्प्रिंग किंवा हवा वापरून मोटारीचं काम हलकं करता येईल?

नियम परवानगी देत असतील तर हो. १५० न्यूटनची गॅस स्प्रिंग ३० सेंटिमीटर चालली तर ४५ ज्यूल देते. पहिल्या उदाहरणातल्या १४७ ज्यूलचा जवळपास तिसरा हिस्सा. मात्र ताणलेली स्प्रिंग घेऊन रोबो मैदानात फिरणार, तेव्हा ती आपोआप सुटू नये अशी पिन हवी आणि तपासणीत ती दाखवता आली पाहिजे.

हवेत वेग आहे. रोबोकॉनमध्ये ६ बारची मर्यादा असते. ३२ मिलिमीटरचा सिलिंडर तेवढ्या दाबाला सुमारे ४८० न्यूटन देतो, म्हणजे २५ किलोचा रोबो एकाच सिलिंडरवर उचलला जाऊ शकतो. अडचण हवेच्या साठ्याची. ३० सेंटिमीटरच्या एका धावेला बाहेरच्या मोजमापाने पावणेदोन लिटरच्या आसपास हवा लागते, टाकीतला दाब उतरतो आणि शेवटची उचल ढिली पडते. जुन्या, उन्हात पडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांत हवा भरू नका.

प्रोग्राममध्ये काय करावं?

एक बटण. हात वर, थांबा, आकडा लागल्याची खूण, मग ओढणं, शेवटच्या पाच सेंटिमीटरला वेग कमी, वरचा लिमिट स्विच (टोकाला पोचताच दबणारं बटण) लागला की बंद. ड्रायव्हरने जॉयस्टिकने विंच चालवायची म्हणजे दर सामन्याला वेगळा वेळ. पण हाताने चालवायची दुसरी वाटही ठेवा, सेन्सरची तार मैदानातच निघते. लिमिट स्विच दोन्ही टोकांना हवेत. फक्त एन्कोडरवर (फेरे मोजणाऱ्या सेन्सरवर) विसंबलात तर दोरी एकदा घसरली की सगळी मोजमापं चुकली.

सामान कुठे मिळेल? आमच्याकडे वाळूजसारखं काही नाही.

संभाजीनगरच्या मुलांची चैन आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यात वाहनांचे सुटे भाग करणारे लघुउद्योग आहेत. लेझर कटिंग, सीएनसी, हीट ट्रीटमेंट सगळं एका दिवसाच्या अंतरावर. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूमही आहे. ड्रॉइंग नीट असेल आणि तुमचं काम मोठ्या ऑर्डरच्या मध्ये घुसडायची घाई नसेल, तर लोक मदत करतात. हाताने काढलेलं, मापं नसलेलं चित्र घेऊन गेलात तर चहा पाजून परत पाठवतील.

लातूरला डाळमिलांमुळे बेअरिंग, चेन, पुली, व्ही-बेल्ट विकणारी चांगली दुकानं आहेत, तिथे स्प्रॉकेट मिळून जातं. नांदेड, परभणी, बीड, हिंगोली, धाराशिवला टर्नर आणि फॅब्रिकेटर शोधा. मोटार रिवाइंडिंग आणि पंपाची कामं करणाऱ्याकडे लेथ असतोच. यंत्रणा ठरवतानाच आपल्या गावात काय बनतं ते धरून चाला. लेथ आणि ड्रिलवर होईल असा ड्रम, बोल्टने जोडलेली चौकट, बाजारातलं बेअरिंग. पुण्याहून कुरिअरने आलेला एकमेव गियर स्पर्धेच्या आठवड्यात तुटला तर दुसरा कुठून आणणार?

ॲल्युमिनियमबद्दल सावध. स्लायडिंग खिडक्यावाल्याकडे मिळतं ते ६०६३ जातीचं, भिंत पातळ. हाताच्या आतल्या टप्प्याला ठीक, आकड्याला नाही. आकडा पाच-सहा मिलिमीटर जाड पोलादी पट्टीचा करा, वजन फार वाढत नाही.

उन्हाळ्यात काही वेगळी काळजी?

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, आणि वर्कशॉपवर पत्रे. लिथियम-पॉलिमर बॅटरी अशा खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. फुगलेली तर वापरूच नका. मोटारही आधीच तापलेल्या हवेत सुरू होते, म्हणून सरावात दोन चढायांमध्ये ती थंड होऊ द्या. चढाई सामन्याच्या शेवटी असते, तेव्हा बॅटरी उतरलेली असते. १२ व्होल्टची बॅटरी त्या क्षणी साडेदहाच देईल असं धरून गियर ठरवा, आणि सरावातला वेळ अर्ध्या चार्जवर मोजा. पूर्ण चार्जवरचा वेळ घरच्यांना सांगायला ठेवा.

चाचणी सुरक्षित कशी करावी?

रोबोखाली कुणी हात घालायचा नाही, खाली जुनी गादी, आणि पहिल्या चाचण्या रोबोऐवजी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पोत्यावर. दोरीच्या मध्ये लटकता काटा अडकवला तर ताण प्रत्यक्ष दिसतो; झटक्याने उचलताना तो वजनापेक्षा बराच जास्त निघतो. पोतं दीडपट वजनाचं करून रात्रभर लटकत ठेवा. सकाळी ते सरकलेलं असेल तर खटका किंवा गाठ बघा. सराव दांडीची चौकट जमिनीला बोल्ट केलेली हवी, नाहीतर रोबो चौकटच अंगावर ओढून घेतो.

रोबो स्पर्धेला न्यायचा कसा?

रोबोकॉनची राष्ट्रीय फेरी अनेक वर्षं पुण्यात बालेवाडीला व्हायची, तेव्हा रात्रीची बस पुरायची. पुढे ती दिल्लीला गेली. नांदेड-परभणीच्या संघांना सचखंड एक्सप्रेस सोयीची, थेट जाते, पण डब्यात उंच हात उभा राहत नाही. चढण्याचा हात चार बोल्ट काढून एका तुकड्यात निघेल असाच बांधा. दोरी ड्रमवर ताणून टेपने बांधा, बसण्याच्या जागी रंगाने खुणा करा, आणि सुटे बोल्ट, दोन आकडे, कापून टोकं बांधलेली जास्तीची दोरी आणि तो रॅचेट पाना वेगळ्या डब्यात घ्या. बॅटऱ्या सामानात टाकू नका, अंगाजवळच्या पिशवीत, टोकांना टेप लावून. आणि उतरल्यावर पहिलं काम म्हणजे हात जोडून पोत्यावर एक पूर्ण उचल. मैदानातली तपासणी सुरू व्हायच्या आत.